प्रवेशापासून पदवीपर्यंत
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरव झाला, मुलांच्या हाती पारितोषिके पडली, आणि मागील अंगणात पंक्तीची तयारी चालू आहे. अशा वेळी वक्त्याने लांबण लावू नये हा शिष्टसंप्रदाय आम्ही जाणतो. तथापि चिटणिसांनी ‘शिक्षणावर काही बोला’ असा आग्रह धरला, आणि त्यातून एक विषय मनात पुष्कळ दिवस घोळत होता, म्हणून आपली थोडी घटका घेतो.

आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबे आता न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया या प्रांतांत स्थायिक झाली आहेत. त्यांची मुले तिकडेच बारावी होतात. पुढे मुलगा कोठे जातो, असे येथील आजीने विचारले की कधी कधी उत्तर जरा हळू आवाजात येते : ‘सध्या कम्युनिटी कॉलेजात आहे.’ लग्नाच्या टिपणात तर ती दोन वर्षे बहुधा गाळलीच जातात. जणू काही चूकच घडली! हा संकोच अगदी अनाठायी आहे, आणि ज्या संस्थेविषयी तो बाळगला जातो ती समजून घेण्यासारखी आहे. तिच्या अनुभवातून आपल्या विद्यानिधीलाही शिकण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणून हा विषय आम्ही निवडला.

अमेरिकेतील शिकागो शहराच्या नैर्ऋत्येस जोलिएट नावाचे गाव आहे. १९०१ साली तेथील शाळांचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या विचाराने गावातील माध्यमिक शाळेलाच कॉलेजची पहिली दोन वर्षे जोडण्यात आली. आरंभी विद्यार्थी अवघे ६. घर न सोडता, वसतिगृहाचा खर्च न करता दोन वर्षे शिकावे आणि मग विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जावे, अशी ती योजना. आज त्या देशात अशी सार्वजनिक कॉलेजे शेकड्यांनी आहेत. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. १९६० साली कॅलिफोर्नियाने आपला शिक्षणाचा बृहद् आराखडा आखला. माध्यमिक शाळांतील वरच्या आठव्या हिश्श्याने राज्याच्या मुख्य विद्यापीठात जावे, वरच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच्यांनी दुसऱ्या राज्य-विद्यापीठात, आणि बाकी सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेजचे दार उघडे. तेथे दोन वर्षे नीट शिकलेल्यास वरच्या विद्यापीठात जाण्याची वाट मोकळी. गुण पाहून दार लावावयाचे नाही, हा या कॉलेजांचा मूळ धर्म होय. परिचारिका, वीजतंत्री, मोटार दुरुस्त करणारे, हिशेबनीस असे तेथून निघतात, आणि पुढे बर्कलेसारख्या विद्यापीठात जाणारेही तेथूनच निघतात. मुलगा कूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात जातो असे सांगताना कोणी खाली पाहण्याचे कारण नाही.

(आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली याच नावाची योजना काढली. ती बहुतांशी चालू कॉलेजांतील कौशल्य-अभ्यासक्रमांपुरती राहिली. नाव एक, वस्तू निराळी.)

आता पैशाची गोष्ट. खरा विषय तोच आहे. या कॉलेजांचा खर्च मुख्यतः तिघे उचलतात : राज्य सरकार, त्या भागातील घरपट्टीसारखा स्थानिक कर, आणि विद्यार्थ्याची फी. मध्यवर्ती सरकार गरीब विद्यार्थ्यास ‘पेल’ नावाची शिष्यवृत्ती देते. तिचा आरंभ १९७२ सालच्या कायद्याचा. यांत राज्याचा हात मोठा, आणि राज्याचा हातच चंचल. त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. मंदी आली की कारखाने बंद पडतात, बेकार झालेले लोक नवे काही शिकावे म्हणून याच कॉलेजांकडे धावतात. आणि नेमक्या त्याच वर्षी कराचे उत्पन्न घटल्याने सरकार अनुदान कापते. २००८ सालच्या मंदीनंतर कॅलिफोर्नियात हेच घडले. वर्ग कमी झाले, प्रतीक्षायाद्या लांबल्या, आणि १९८४ पर्यंत जेथे फीच नव्हती तेथे दर एककामागे २० डॉलर असलेली फी २००९ ते २०१२ या काळात चढत चढत ४६ डॉलरवर गेली. दुष्काळात विहिरीवर गर्दी वाढावी आणि त्याच दिवशी पोहरा लहान करावा, तशातला हा प्रकार!

तरीही तेथील जाणत्यांना खरी चिंता लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. दार उघडे होते, मुले आत येत होती. पण बाहेर पडताना हातात काही घेऊन पडणारी फार थोडी. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करणारे शंभरांत तिसाच्या आसपास, असा तेथील सार्वजनिक कॉलेजांचा अलीकडील हिशेब आहे. काही मुले पदवी न घेताच दुसऱ्या विद्यापीठात जातात, हे खरे. ती वजा केली तरी आकडा दुखावणाराच राहतो.

असे का व्हावे? एक कारण अनुदान देण्याच्या रीतीतच होते. अनुदान मिळे ते डोकी मोजून. कॅलिफोर्नियात सत्राचा सुमारे पाचवा हिस्सा उलटला की मोजणीचा दिवस येई. त्या दिवशी पटावर जितकी नावे, त्या प्रमाणात पैसा. पुढच्या आठवड्यात मुलगा गेला काय अन् राहिला काय, कॉलेजच्या उत्पन्नात फरक नाही. पटाचे माहात्म्य आपणांस निराळे सांगावयास नको. २०११ साली महाराष्ट्रात शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा काय काय उजेडात आले, ते आपल्या स्मरणात असेलच. तिकडे नावे खोटी नव्हती, एवढाच फरक. नावे खरी, मुले खरी, फक्त ती मुले वर्षअखेर कोठे असत, हे विचारण्याची गरज कोणास पडत नसे.

मग काही राज्यांनी ठरविले की पैसा फळावर द्यावयाचा. टेनेसी राज्याने १९७९ सालीच याचा आरंभ केला, आणि २०१० च्या कायद्याने तर बहुतेक सर्व अनुदान विद्यार्थी किती पुढे सरकले व किती उत्तीर्ण झाले यांवर बांधून टाकले. कॅलिफोर्नियाने २०१८ साली मधला मार्ग काढला : सुमारे ७० टक्के पटावर, २० टक्के गरीब विद्यार्थी किती घेतले यावर, आणि १० टक्के यशावर. टेक्सासनेही २०२३ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांचे अनुदान फळाशी जोडले.

ऐकावयास हे किती सयुक्तिक वाटते! व्यापारी मनास तर ते लगेच पटते. परंतु माणसास जे मोजून पैसा मिळतो तेच तो पिकवू लागतो, त्यामागची वस्तू पिकवीलच असे नाही. वॉशिंग्टन राज्याने २००७ साली कम्युनिटी कॉलेजांसाठी अशी योजना सुरू केली. तिचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसून आले की दोन वर्षांच्या पदव्या वाढल्या नाहीत. वाढली ती अल्पमुदतीची प्रमाणपत्रे. कॉलेजांनी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. ज्या प्राध्यापकाजवळ मुलाला थांबवून धरण्याचे साधनच नाही, त्याला नुसते बक्षीस दाखवून काय होणार? आंधळ्यापुढे आरसा धरण्यासारखेच ते.

या सर्व खटपटीत आम्हांस मोलाचा वाटला तो न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाचा प्रयोग. २००७ साली त्यांनी ‘एसॅप’ या संक्षिप्त नावाने तो आरंभला. गरीब घरची, इंग्रजी किंवा गणित कच्चे असलेली मुले त्यांनी घेतली. अट एकच कडक : शिक्षण पूर्ण वेळ घ्यावे लागेल. बदल्यात काय दिले ते ऐका. शिष्यवृत्ती वजा जाता उरलेली फी माफ. पुस्तकांची सोय. शहरातील आगगाडी-बसचा मासिक पास फुकट, मात्र सल्लागाराची भेट घेत राहिले तरच. वर्ग एकामागून एक लागून, म्हणजे उरलेल्या वेळात नोकरी करता यावी. आणि मुख्य म्हणजे एक सल्लागार, ज्याच्याकडे ६० ते ८० मुले. एरवी त्याच कॉलेजांत एका सल्लागारामागे ६०० पासून १५०० पर्यंत मुले असत; म्हणजे सल्लागार आहे हे मुलास माहीत असे, पण मूल आहे हे सल्लागारास माहीत नसे!

या प्रयोगाची परीक्षाही चोख झाली. अर्ह मुलांतून निवड न करता जणू चिठ्ठ्या टाकून काहींना योजनेत घेतले, काहींना नेहमीच्या रीतीत ठेवले. तीन वर्षांनी नेहमीच्या रीतीतील २२ टक्के उत्तीर्ण झाले होते, योजनेतील ४० टक्के. दर मुलामागे खर्च सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आला. परंतु एकूण खर्चाला पदव्यांच्या संख्येने भागले, तेव्हा एका पदवीमागील खर्च उलट कमी निघाला. हा हिशेब आपल्यातील व्यापारी मंडळींनी घरी जाऊन पुन्हा एकदा मांडून पाहावा. पुढे ओहायो राज्यातील तीन कॉलेजांनी तीच रीत उचलली. तेथे बसगाड्यांचा सुकाळ नाही, म्हणून पासाऐवजी मुलांना पेट्रोल वा किराण्यासाठी दरमहा ५० डॉलरचे कार्ड दिले. तेथेही तीन वर्षांत १९ टक्क्यांच्या जागी ३५ टक्के मुले पार पडली.

पेट्रोल आणि किराणा! पदवीचा आणि वाणसामानाचा संबंध काय, असे एखादा विद्वान विचारील. कॅलिफोर्नियात खऱ्या गरिबाला या कॉलेजची फी माफच असते, तरी तो मध्येच गळतो. कारण त्याला अडविणारी गोष्ट फी नव्हतीच. घरभाडे, मोडलेली गाडी, रात्रपाळी, आजारी आई, आणि ‘आता पुढे काय करावे’ हे विचारावयास माणूस नसणे, या गोष्टी त्याला अडवितात.

हे सर्व ऐकून आम्हांस कोल्हापूरची आठवण होते. ज्या १९०१ साली जोलिएटला ६ मुलांचे कॉलेज निघाले, त्याच साली राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढे त्याच नगरीत जैन, लिंगायत, मुस्लिम, सारस्वत, दैवज्ञ, शिंपी, तसेच त्या काळी अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी, अशी वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, वार्षिक नेमणुका दिल्या. राजाराम कॉलेज तर गावात होतेच. पण खेड्यातून आलेल्या मुलाने जेवावे कोठे, निजावे कोठे, आणि रात्री दिव्याखाली बसला नाही तर त्याला हटकावे कोणी, हा प्रश्न कॉलेजने सुटत नव्हता. तो बोर्डिंगने सुटला. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढले त्यामागेही हीच दृष्टी. ज्ञातिसंस्था या नावाने आज जे काही आपण चालवितो, त्याचा पाया त्या पिढीच्या बोर्डिंगात आहे. न्यूयॉर्कच्या सल्लागाराचे जे काम, तेच आपल्या जुन्या बोर्डिंगातील अधीक्षकाचे होते. फक्त त्याच्या हाती पासाऐवजी जेवणाची घंटा असे.

आता आपल्या विद्यानिधीकडे वळू. आपली रीत कशी आहे? जून-जुलैत अर्ज मागवावयाचे, गुणपत्रिका पाहावयाच्या, अधिक गुणांच्यास आधी, आणि फीची रक्कम एकदाच द्यावयाची. देणाऱ्यांच्या उदारपणाविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे. परंतु ही रीत पटावर दिलेल्या अनुदानाचीच धाकटी बहीण आहे. प्रवेशाच्या दिवशी आपण हजर असतो, आणि पुढल्या जूनपर्यंत मुलाची व आपली गाठ नाही. आज व्यासपीठावर आलेली मुले गुणवंत आहेत, त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. मात्र पहिल्या वर्षी एक विषय राहिला म्हणून जो आज संमेलनास आलाच नाही, त्याचे नाव आपल्या कोणत्याच वहीत नाही. ‘फळ दाखवा, मग पैसे देऊ’ असे त्याला सांगणे म्हणजे वॉशिंग्टन राज्याचीच पुनरावृत्ती होईल.

यासाठी आम्ही तीन गोष्टी सुचवितो. निधीचे पैसे एकदम न देता दोन हप्त्यांत द्यावेत, दुसरा दिवाळीनंतर. पण तो गुणांवर न तोलता विद्यार्थी आपल्या पालक-सभासदास भेटत राहिला एवढ्याच अटीवर द्यावा. हा पालक-सभासद म्हणजे आपल्यापैकीच कोणी निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, घरी असलेली पदवीधर भगिनी. एकाकडे पाच-सहा मुलांहून अधिक नकोत. आणि निधीचा एक भाग फीसाठी न ठेवता एस.टी.चा पास, खाणावळ, राहिलेल्या विषयाची परीक्षा-फी अशा किरकोळ म्हटल्या जाणाऱ्या खर्चांसाठी राखून ठेवावा. मागेल त्याला दोन दिवसांत मिळावा, समितीची बैठक भरेपर्यंत थांबावे लागू नये. यामुळे विद्यार्थ्यांची संख्या थोडी कमी करावी लागेल, हे आम्ही लपवीत नाही. स्मरणिकेतील छायाचित्रात चेहरे कमी दिसतील. ते पत्करावयाचे की नाही, हे सभेने ठरवावयाचे आहे.

परदेशातील आपल्या बांधवांनी निधीस यंदाही साहाय्य पाठविले आहे. त्यांस आमची एक विनंती आहे : पैशाबरोबर महिन्यातून एक तासही द्यावा, दूरध्वनीवर का होईना. ज्यांची स्वतःची मुले त्या दोन वर्षांच्या कॉलेजातून वर गेली, त्यांनी तर अवश्य द्यावा. येथील मुलाला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे कोण बोलणार?

या सूचनांचा ठराव आम्ही लेखी स्वरूपात चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा, अशी विनंती करतो. पाने वाढली असल्याची खूण मागून होत आहे, तेव्हा आपली रजा घेतो.