तातडीच्या दाराआधीची दारे



रोगाला जात नसते, असे आपणांस नेहमी सांगण्यात येते. रोगाला नसेलही, परंतु उपचार कोणाला केव्हा मिळतो, यात वर्णाचा व उत्पन्नाचा हिशेब असतो. अमेरिकेतील यकृताच्या कर्करोगाची हकीकत मी यासाठीच तुमच्यापुढे मांडणार आहे.

विमा नसलेल्या रुग्णाला तातडीच्या स्थितीतही दुसऱ्या रुग्णालयात धाडून देण्याची त्या देशात वहिवाट होती. शिकागोच्या कूक काउंटी या सार्वजनिक रुग्णालयात अशा रीतीने आलेल्या ४६७ रुग्णांची पाहणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्यांत शेकडा ८९ कृष्णवर्णीय अथवा हिस्पॅनिक होते. शेकडा ८७ जणांना पुरेसा विमा नाही म्हणून पाठविले होते. लेखी संमती घेतली होती ती शेकडा अवघ्या सहांची! त्याच वर्षी तेथे कायदा झाला. सरकारच्या मेडिकेअर योजनेचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने, तातडीच्या विभागात येईल त्याला तपासावे व त्याची प्रकृती स्थिर करावी. पैशाची चौकशी करण्यासाठी तपासणी लांबवू नये.

या कायद्याची थोरवी मी कमी लेखीत नाही. पण हा रोग कसा वागतो ते पाहा. काविळीचे ब व क विषाणू, दारू किंवा चरबी यांनी झिजलेल्या यकृतात तो बहुधा उद्भवतो, आणि पुष्कळ काळ दुखतखुपत नाही. म्हणून अशा रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावी लागते. गाठ एकच व पाच सेंटिमीटरपर्यंत असेल, अगर तीनपर्यंत गाठी असून प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत असेल, तर यकृतरोपणाने रुग्ण वाचू शकतो, हे मिलान येथील डॉक्टरांनी १९९६ साली दाखवून दिले. परंतु ही सहामाही तपासणी कोणाची होते? ज्याला नेहमीचा डॉक्टर आहे, विमा आहे, आणि रोजगार न बुडविता दवाखान्यात जाता येते, त्याची! बाकीचा माणूस पोटात पाणी भरल्यावर वा रक्ताची उलटी झाल्यावर तातडीच्या दाराशी येतो. आपल्याला कर्करोग आहे हे त्याला तेथेच प्रथम कळते. तेथे पाणी काढतात, रक्त थांबवितात. रोपणाची हमी कायद्यात नाही. कृष्णवर्णीयांचा रोग उशिरा सापडण्याचे प्रमाण अधिक आहे. आणि गाठ लहान असतानाही रोपण व शस्त्रक्रिया त्यांच्या वाट्याला गोऱ्यांहून कमी येतात, असे तेथील पाहण्यांत वारंवार आढळले आहे.

२०१३ च्या अखेरीस क विषाणू नाहीसा करणारे सोफोसबुविर हे औषध तेथे मंजूर झाले. किंमत गोळीला १,००० डॉलर. बारा आठवड्यांचे ८४,०००! गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेतून ते देताना अनेक राज्यांनी अट घातली की, यकृत पुष्कळ बिघडलेले असले पाहिजे. म्हणजे बिघडेपर्यंत थांबा! पुढे या अटी बऱ्याच ठिकाणी सैल झाल्या. परंतु ज्यांचे यकृत त्या प्रतीक्षेत झिजून घट्ट झाले, त्यांचा कर्करोगाचा धोका विषाणू गेल्यावरही उरतो, आणि सहामाही सोनोग्राफी त्यांना पुढेही करीत राहावी लागते.