ओटीपी म्हणजे आपला अंगठाच

(पनवेलला झालेल्या वाडी-प्रतिनिधींच्या शिबिरात आपल्या संघटनेच्या एका तरुण कार्यकर्तीनं केलेलं भाषण. नंतर तिनंच ते लिहून दिलं आहे.)





मला आज मतदार यादीवर बोलायला सांगितलंय. सकाळी टमटममध्ये एक काकी मला म्हणाली, "बाय, आपलं भांडण जमिनीचं हाय. तू मतदानाचं काय सांगत बसणार? मत तर दर वेळी देतोच, मिळतं काय त्यातनं?" काकी इथंच बसलीय. तिचा प्रश्न बरोबर आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण त्या जमिनीवर आहोत, हे आपल्याला दाखवावं लागतं. दाव्याला पुरावा काय काय चालतो, ते नियम १३ मध्ये लिहिलंय. त्यात सरकारी कागदांची यादी आहे आणि त्या यादीत मतदार ओळखपत्र आहे. दळी जमिनीचे दावे भरताना आपण घराघरात ट्रंका उघडल्या. कुणाकडे दंडाच्या पावत्या निघाल्या, कुणाकडे काहीच नाही. आमच्या आजीच्या पिशवीत तिचं जुनं मतदार कार्ड निघालं, कोपरे उंदरानं खाल्लेलं. ते आम्ही दाव्याला जोडलं. आजीनं ते जपलं म्हणून.

दुसरी गोष्ट. ग्रामसभा म्हणजे कोण? संविधानाच्या कलम २४३ मध्ये सांगितलंय, गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत ते लोक म्हणजे ग्रामसभा. उद्या प्रकल्पाचा ठराव आला, गावठाणाचा विषय आला आणि तुमचं नाव यादीत नसलं, तर तुम्ही ग्रामसभेत बसलात तरी कायद्यानं तुम्ही तिथं नाहीच. २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हा ज्या वाड्या तिच्यात गेल्या त्यांची ग्रामसभाच गेली. ज्यांची राहिलीय त्यांनी तरी ती घालवू नये.

म्हणून काकी, मतदार यादी हाही जमिनीचाच कागद आहे.

आता ऑनलाइनचं. पूर्वी नाव घालायला कागदाचा फॉर्म होता. २०१५ पासून निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवरून फॉर्म भरता येतो, आता मोबाइलवर ॲपही आहे. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळायला नमुना ७, दुरुस्ती आणि पत्ता बदलायला नमुना ८. मी बारावीपर्यंत शिकले, फोन वापरते. मला ऑनलाइन आवडतं. तहसीलला खेटे घालायचे, दीडशे-दोनशे रुपये भाडं मोडायचं, एक मजुरी बुडवायची, हे वाचतं. त्यामुळे ऑनलाइन नको असं मी म्हणणार नाही. पण ऑनलाइन कुणाच्या हातानं होतंय, ते बघा.

आमच्या घरचंच सांगते. आईचं नाव यादीत चुकीचं होतं, आडनाव दुसरंच. मी तेव्हा भट्टीवर होते. आई बाजाराच्या गावी एका झेरॉक्सच्या दुकानात गेली. त्यानं आधार घेतलं, रेशन कार्ड घेतलं, दोन्हीचे फोटो आपल्या फोनमध्ये काढले. आईकडे फोन नाही म्हणून मोबाइल नंबर स्वतःचाच टाकला. ओटीपी त्याच्या फोनवर आला, त्यानंच भरला. शंभर रुपये घेतले. पावती नाही, अर्जाचा नंबर नाही. पुढं दुरुस्ती झाली का बघायला मी गेले, तर ओटीपी परत त्याच्याच फोनवर. परत शंभर रुपये. आईच्या नावाची चावी आज त्या माणसाच्या खिशात आहे. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यानं उद्या फोन विकला तर? आईच्या आधारचा फोटो कुणाला पाठवला तर?

जुनी माणसं सांगतात, सावकाराच्या कागदावर अंगठा दिला आणि जमीन गेली. कागदावर काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. ओटीपी म्हणजे आपला अंगठाच आहे. फरक एवढाच की अंगठा द्यायला स्वतः जावं लागायचं. ओटीपी फोनवर विचारून घेतात आणि आपण सांगून टाकतो.

हे नुसतं माझ्या घरचं नाही. आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा आहे. तिथं ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या आधी, ऑनलाइन नवीन नावं घालायचे हजारो अर्ज बोगस निघाले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकात आळंद मतदारसंघ आहे. तिथं २०२३ च्या निवडणुकीआधी नावं वगळायचे ६,०१८ अर्ज ऑनलाइन आले. चौकशी झाली तेव्हा त्यातले खरे फक्त २४ निघाले. बाकीच्या माणसांना आपल्या नावानं असं काही चाललंय याचा पत्ताच नव्हता. हे उघडकीला कसं आलं? एका बीएलओला आपल्याच नातेवाईकाचं नाव वगळायचा अर्ज दिसला. माणूस ओळखीचा होता म्हणून शंका आली. मशीनला शंका येत नाही.

याच्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगानं ई-साइन आणलं. म्हणजे आता ऑनलाइन अर्ज करायचा तर आधारला जोडलेला मोबाइल पाहिजे आणि त्यावर आलेला ओटीपी पाहिजे. बोगस अर्जाला त्यानं आळा बसेल, ठीक आहे. पण आपल्या वाडीवर किती जणांचा नंबर आधारला जोडलेला आहे? सिम दर सहा महिन्यांनी बदलतं. एका घरात एक फोन, तोही पोराकडे. आधारवर नाव एक, मतदार कार्डावर दुसरं. विटा थापून बोटं झिजलीत, मशीनवर ठसे उठत नाहीत, मग नंबर जोडणार कसा? चोरासाठी कुलूप लावलं आणि घरधनीच बाहेर राहिला, असं व्हायला नको.

आता आधारचं नीट ऐका, कारण इथं सगळ्यात जास्त घाबरवतात. "आधार दिलं नाही तर नाव कापलं जाईल" असं वाडीवर येऊन सांगतात. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेनं निवडणूक कायद्यात बदल केला आणि मतदार यादी आधारला जोडायची सोय केली. ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठी नमुना ६ब आला. पण त्याच कायद्यात लिहिलंय की पुरेशा कारणामुळे आधार देता आलं नाही, तर तेवढ्यावरून नाव घालायला नकार देता येणार नाही आणि असलेलं नाव कापता येणार नाही. गंमत बघा. फॉर्मवर दोनच खुणा होत्या, "माझा आधार नंबर हा" किंवा "माझ्याकडे आधार नाही". "आधार आहे, पण मला द्यायचं नाही" असं म्हणायला जागाच ठेवली नाही. हे सुप्रीम कोर्टात गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगानंच तिथं सांगितलं की आधार सक्तीचं नाही आणि फॉर्ममध्ये तसा खुलासा करू. तोवर ६६ कोटींवर आधार नंबर गोळा करून झाले होते. त्यात तुमचा-माझा असेल. आपल्याला कुणी विचारलं होतं का?

काही जण म्हणतात, "आपल्याकडं लपवायला हाय काय?" खूप आहे. बँकवाल्याच्या मशीनवर आधार नंबर आणि अंगठा दिला की खात्यातले पैसे निघतात. भट्टीचा मुकादम उचल देताना आधार आणि मतदार कार्ड ठेवून घेतो, म्हणजे माणूस मधेच निघून जाऊ नये. जमिनीच्या दलालाला कुणाचं वय किती, घरात वारस कोण, एवढं कळलं तरी पुरतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो फक्त बंगल्यात राहणाऱ्यांचा नाही. कुडाच्या घरालाही दार असतं.

मग सगळी यादीच लपवून ठेवायची का? तसंही नाही. यादीतली नावं उघड पाहिजेत, चावडीवर वाचली पाहिजेत. मेलेला माणूस कोण, बाहेरचा कोण, राहून गेलेला कोण, हे वाडीलाच माहीत असतं. नाव उघड राहू दे. आधार, मोबाइल नंबर आणि कागदांच्या प्रती बंद राहू दे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

आता आपल्या कामाचं सगळ्यात मोठं. दिवाळी झाली. भट्ट्या पेटतील, कोळशाचं काम निघेल, वाड्या रिकाम्या होतील. मागच्या खेपेला माझी मावशी मे महिन्यात परत आली तर यादीत नाव नाही. शेरा काय, "स्थलांतरित". घराला कुलूप दिसलं म्हणून कुणीतरी लिहून मोकळं झालं. चाळीस वर्षं त्याच वाडीवर राहणारी बाई! १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० पाठ करा. माणूस तात्पुरता बाहेर गेला, एवढ्यावरून तो तिथला रहिवासी नाही असं होत नाही. आणि स्वतःचं घर असलंच पाहिजे असंही नाही. फॉरेस्टच्या जागेत राहणाऱ्याचं, दुसऱ्याच्या जागेत झोपडी असणाऱ्याचंही नाव लागतं. कागद काहीच नसेल तर बीएलओनं प्रत्यक्ष येऊन चौकशी करायची, ही सोय नमुना ६ मध्येच आहे.

आणि नाव कापायचं तर नोटीस दिली पाहिजे, ऐकून घेतलं पाहिजे. मुंबई आणि दिल्लीच्या झोपडपट्टीतल्या लोकांवर अशी वेळ आली होती. तेव्हा १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की यादीत आधीपासून असलेलं नाव असं सरसकट काढता येणार नाही. निकाल विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथंही झालं नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. मावशीला हे कुणी सांगितलंच नाही. नोटीस आली असेल तर ती कुलपावर चिकटवली असेल आणि मावशी भट्टीवर.

म्हणून आपल्या मागण्या. कायदा १९५० चा, नियम १९६० चे. ते लिहिले तेव्हा ओटीपी नव्हता. आज ते बदलायचे असतील तर आपल्याकडे बघून बदला.

१. ऑनलाइन राहू दे, पण कागदाचा फॉर्म आणि वाडीवर येणारा बीएलओ बंद करायचा नाही. पावती दिलीच पाहिजे.

२. आधार ऐच्छिक आहे, हे फॉर्मवर मोठ्या अक्षरात मराठीत छापा आणि "द्यायचं नाही" ही खूण ठेवा.

३. नाव वगळायचा अर्ज ऑनलाइन आला, तर वाडीवर येऊन चौकशी झाल्याशिवाय आणि यादी वाचून दाखवल्याशिवाय नाव कापायचं नाही. कारण लिहून लावायचं. बिहारमध्ये ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं गळालेल्या ६५ लाख नावांची यादी कारणांसकट जाहीर करायला लावली. मग इथं का नाही?

४. दुसऱ्याच्या वतीनं फॉर्म भरणाऱ्या दुकानदारानं आपली कागदं ठेवायची नाहीत, स्वतःचा नंबर टाकायचा नाही, असा नियम करा. २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा आहे, तो झेरॉक्सच्या दुकानापर्यंत येऊ दे.

५. भट्टीवर माणसं जायच्या आधी दर वर्षी वाडीवर नोंदणीचं शिबिर घ्या.

मागण्या सरकारकडे. पण आपलं काम आपल्याकडे. आज घरी जाताना प्रत्येक प्रतिनिधीनं आपल्या वाडीची यादी न्यायची आणि रविवारी सगळ्यांसमोर वाचायची. ज्याचं नाव नाही, ज्याचं चुकलंय, ते वहीत लिहायचं. पोरांनो, नोंदणी आता वर्षातनं चार तारखांना धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण व्हायची तारीख बघा. खरं तेच सांगते, मागच्या जिल्हा परिषद आणि महानगरपालिकेला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, त्यामुळे त्यानंतर नाव घातलेल्यांना तिथं मत मिळालं नाही. तरी घालायचंच. ग्रामसभा आणि दावे काही निवडणुकीपुरते नाहीत.

फॉर्म भरताना नंबर आपल्याच घरातला टाका. घरात फोन नसेल तर कागदाचा फॉर्म बीएलओकडे द्या आणि पोच घ्या. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवं लिहा, "फक्त मतदार नोंदणीसाठी", तारीख टाका. मुकादमाकडे मूळ कार्ड ठेवायचं नाही. ओटीपी सांगायच्या आधी विचारायचं, "कशाचा हाय?" उत्तर मिळालं नाही तर सांगायचा नाही.

मला भाषण करता येत नाही, चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मावशीचा नमुना ६ मी भरलाय, कागदाचा. पोच माझ्या पिशवीत आहे. ती परवा भट्टीवर जाते. या वेळी कुलपावर नोटीस लागली तर ती वाचायला शेजारची पोरगी आहे, तिला सांगून ठेवलंय. प्रत्येक बंद घराला अशी एक पोरगी नेमा. एवढं केलंत तरी माझं बोलणं कामी आलं.

जिंदाबाद!