रिकाम्या खिशानें बाजारांत

सन २०२५ मधील १२ एप्रिल हा शनिवार होता आणि त्याच दिवशीं हनुमान जयंतीही आली होती. नारळ, तेल, रुईच्या पानांची माळ, प्रसादाचे पेढे असें कांहींबाहीं घेण्यास निघालेल्या कित्येक मंडळींचा हात दुपारच्या सुमारास दुकानाच्या फळीपाशीं अडला. मोबाइल जवळ होता, बँकेंत शिल्लक होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकटही नेहमींच्या जागीं चिकटविलेली होती. पण पैसे कांहीं जाईनात. यूपीआयचा व्यवहार त्या दिवशीं देशभर कांहीं तास विस्कळित झाला होता. ज्यांच्या खिशांत शंभराची नोटही नव्हती, त्यांच्यापुढें दोनच मार्ग उरले: नारळ फळीवर परत ठेवावा, नाहीं तर दुकानदारास ‘उद्यां आणून देतों’ म्हणावें. दुसरा मार्ग सोपा वाटतो. परंतु त्यासाठीं दुकानदार ओळखीचा असावा लागतो.

असें कां झालें? गिऱ्हाईक मोबाइल चौकटीवर धरतो, रक्कम लिहितो, पिनचे गुप्त अंक दाबतो, आणि क्षणभरांत दुकानांतील डबी ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असें खणखणीत आवाजांत सांगते. तेवढ्या अवधींत गिऱ्हाइकाचा निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेकडे गेलेला असतो. ती यंत्रणा एका बँकेस रक्कम वजा करावयास सांगते, दुसरीस जमा करावयास सांगते, आणि झाल्या गोष्टीची वर्दी उभयतांना पोंचविते. बँका आपापसांतील देणेंघेणें मागाहून रिझर्व्ह बँकेच्या द्वारें मिटवितात. एखाद्या व्यवहाराचा निकाल कळला नाहीं, तर बँकेचा संगणक ‘त्या पैशांचें काय झालें?’ अशी पृच्छा करूं शकतो. त्या शनिवारीं नेमका या पृच्छांचाच पूर लोटला. कांहीं बँकांकडून त्याच त्या व्यवहारांविषयीं, अगदीं जुन्यांविषयींही, पुनःपुन्हां विचारणा होत राहिली आणि उत्तरें देतां देतां मुख्य यंत्रणाच अडखळली. मनीऑर्डर आली का, म्हणून पोस्टमनला दारांतून दहा वेळां हांक मारणाऱ्या आजीबाईंची आठवण व्हावी, असाच हा प्रकार! पुढें अशा विचारणांना मर्यादा घालण्यांत आली, हें योग्यच झालें.

वस्तुतः या सोयीचें वय फार नाहीं. यूपीआयचा आरंभ ११ एप्रिल २०१६ रोजीं झाला. ती ठिपक्यांची चौकट मात्र अधिक जुनी आहे. जपानांतील डेन्सो वेव्ह या कंपनींत मासाहिरो हारा यांनीं ती १९९४ सालीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं सिद्ध केली. कोपऱ्यांतील तीन मोठ्या चौकोनांवरून यंत्रास तिची बाजू ओळखतां येते, आणि तिचा कांहीं भाग मळला किंवा फाटला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळवितां येतो. वडापावच्या गाडीवर तेलाचे डाग पडलेली चौकट बिनतक्रार काम देते, ती यामुळेंच. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत यूपीआयवरून २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतकी सर्रास झालेली वस्तु नळाच्या पाण्याप्रमाणें नजरेंतूनच उतरते; नळ कोरडा पडला म्हणजेच तिची आठवण होते.

पूर्वींचें सारें चांगलें होतें, असें म्हणणें हा शुद्ध भाबडेपणा होय. सुटे नाहींत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर गोळ्या-चॉकलेटें टेकविणारे दुकानदार कोणास ठाऊक नाहींत? गिरणगांवांतल्या चाकरमान्यानें कोंकणांत धाडलेली मनीऑर्डर घरीं पोंचेपर्यंत तेथें कित्येक दिवस वाट पाहिली जाई. आज लोकलच्या फलाटावर उभ्या उभ्या तेंच काम होतें. ही सोय नाकारील तो वेडाच.

परंतु घराघरांत या सोयीची दुसरीही एक बाजू आहे. पंचाहत्तरी ओलांडलेले एखादे आजोबा डोळ्यांसमोर आणावे. विजेचें बिल घेऊन भरणा-खिडकीपाशीं जाणें, रांगेंत दोन ओळखीचीं माणसें भेटणें, पावती नीट घडी करून आणणें, हें त्यांचें महिन्याचें ठरलेलें काम. एके दिवशीं मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही उन्हांत कशाला जातां? मी येथूनच भरतों.” मुलाचें बोलणें मायेचेंच असतें, पण पुढच्या महिन्यापासून बिल किती आलें हेंही आजोबांना समजत नाहीं. मग रिक्षावाला सुटे नाहींत म्हणतो, भाजीवाली चौकटीकडे बोट दाखविते, आणि ज्यांनीं चाळीस वर्षें घर चालविलें, त्यांना कोथिंबिरीच्या जुडीसाठीं नातवाला हांक मारावी लागते. आजींची गोष्ट तर आणखीच निराळी. डाळीच्या डब्यांत तळाशीं दडविलेल्या त्यांच्या चार नोटांचा हिशेब कोणी मागत नसे. लेकीच्या हातावर काय ठेवलें, हें त्या दोघींपुरतेंच राही. आतां पैसे जातात ते मुलाच्या मोबाइलमधून, आणि रुपयान् रुपयाची नोंद तेथें राहते. सोय सर्वांची झाली; आजींचा डबा मात्र रिकामा झाला, आणि हें कोणाच्या ध्यानींही आलें नाहीं.

साध्या, बटणांच्या फोनवरूनही यूपीआयनें पैसे देण्याची तजवीज मार्च २०२२ पासून झालेली आहे. परंतु घरांतील तरुणांना तिचा पत्ता नसतो, कारण त्यांना तिची गरज नसते. वृद्धांना शिकवावयाचें तर आधीं एक गोष्ट पक्की सांगावी: पिन लागतो तो पैसे देतांना, पैसे घेतांना तो कधींच लागत नाहीं, आणि घेण्यासाठीं जो पिन मागेल तो लबाड समजावा. घरांत दोन-चारशें रुपये रोख असूं द्यावे, आणि आजींच्या डब्यांत किती आहेत हें विचारूं नये. आजोबांचा पहिला व्यवहार दहा रुपयांचाच असावा, कोपऱ्यावरच्या ओळखीच्या वाण्याकडे. चष्मा पुसण्यास त्यांना वेळ लागेल, अंक एकदां चुकेल. तेवढा वेळ नातवानें आपला हात मागें ठेवावा, आणि डबी बोलेपर्यंत थांबावें.