‘माझे गाव’, दुसऱ्यांदा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, दहा मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव. पण माझा विषय आठवीतच ठरला होता. मराठीच्या सरांनी निबंध दिला होता, ‘माझे गाव’. सर समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून आज कबूल करून टाकतो. सर, तो निबंध खोटा होता.

मी लिहिलं होतं की माझ्या गावाच्या मध्यभागी मारुतीचं देऊळ आहे, देवळासमोर वडाचा पार आहे, पारावर म्हातारी माणसं गप्पा मारतात आणि गावाबाहेरून नदी झुळझुळ वाहते. हे सगळं मी गाइडमधून उचललं होतं. तुम्ही दहापैकी आठ गुण दिलेत आणि वर्गात वाचूनही दाखवलंत. वर्गातली निम्मी मुलं तापीकाठच्या सपाट गावांतली. त्यांना वाटलं, काठी म्हणजे आपल्यासारखंच गाव असणार. आणि मला नेमकं तेच हवं होतं. कारण पहिल्या दिवशी हजेरीच्या वेळी गावाचं नाव सांगितलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं होतं, “कसली काठी? गुरुजींची का म्हशीची?” सगळे हसले. मीही हसलो. नंतर कुणी विचारलं की मी सरळ ‘मोलगी’ सांगायचो. मोलगीचा बाजार तरी सगळ्यांना माहीत होता.

तर आज तो निबंध पुन्हा लिहितो.

पहिली गोष्ट, आमच्या गावाला मध्यच नाही. सातपुड्यातली आमची बहुतेक गावं अशीच, पाड्यापाड्यांनी विखुरलेली. एका सोंडेवर चार घरं, मध्ये दरी, पलीकडच्या सोंडेवर सहा घरं. प्रत्येकाचं शेत घराभोवती, उतारावर. समोरच्या पाड्यावर आरोळी दिली तर क्षणात पोहोचते, माणसाला पोहोचायला अर्धा तास लागतो. घरं सागाच्या खांबांची, बांबूच्या कुडाची, वर कौलं. गुरं रात्री घरातच, एका बाजूला. देऊळ नाही. गावाच्या सीमेवर झाडाखाली वाघदेव आहे, पावसाळ्यात त्याची पूजा होते. त्याला कळस नाही, दार नाही, आणि परक्या माणसाला तिथे काही आहे हे कळतही नाही.

अक्कलकुव्याहून वर यायचं तर देवगोईचा घाट. तुमच्यापैकी बरेच जण आता श्रावणात तिथे धबधबे बघायला आणि फोटो काढायला जातात, ते मी ग्रुपवर पाहतो. पाहण्यासारखाच आहे तो. पण आम्हा वसतिगृहातल्या मुलांना तो घाट म्हणजे एक कडी होती. जून-जुलैत दरड आली की एसटी बंद, आणि एसटी बंद म्हणजे घर बंद. घाटमाथ्यावर वळण आलं की हवा बदलायची आणि माझं पोट मोकळं व्हायचं. शाळेत असताना हे मी कुणाला सांगितलं नाही.

माझी आजी पत्ता कसा सांगायची ते सांगतो. “तो वाकडा मोह आहे ना, त्याच्या खालच्या झिऱ्यावरून वर ये, मग काळा खडक, मग दोन आंबे.” तिच्यासाठी डोंगर म्हणजे एक वस्तू नव्हतीच. प्रत्येक सोंडेला, वळणाला, पाण्याच्या जागेला तिच्याकडे आमच्या भिलीत नाव होतं. भूगोलाच्या पुस्तकात आम्ही पाठ केलं, सातपुड्यातलं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर अस्तंभा, उंची 1325 मीटर. पेपरला ते दोन गुणांना यायचंही. पण त्याच अस्तंभ्यावर दिवाळीत हजारो माणसं रात्रीची अश्वत्थाम्याच्या दर्शनाला चढतात, आमच्या घरचेही गेलेले, हे काही मी उत्तरात लिहिलं नाही. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत फिरणारा तो अश्वत्थामा लहानपणी मला शिखरापेक्षा जास्त खरा वाटायचा. रात्री घाटात एकट्याने चालताना आजही थोडा वाटतो.

मोहाचं झाड तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. फुलं पडताना पाहिलंय का? फाल्गुन-चैत्रात, पहाटे. झाडावर पान जवळजवळ नसतं आणि फिकट, रसाळ फुलं टपटप गळत असतात. खालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते. प्रत्येक झाड कुणाचं हे ठरलेलं, एकही फूल दुसरा उचलत नाही. उजाडायच्या आत आम्ही भावंडं टोपल्या घेऊन जायचो, कारण उशीर केला तर गुरं आधी पोहोचायची. त्यानंतर कैऱ्या. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे आलात तर खडकांवर, अंगणात, कौलांवर पांढुरक्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील. ते आमचूर. दुरून डोंगराला चुना लावल्यासारखा दिसतो. तुमच्या घरच्या आमटीत पडणारं आमचूर मोलगी-धडगावच्या बाजारातून गेलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. सोलून सोलून आईची बोटं काळी पडलेली असायची, हाताला आंबूस वास. तोच वास मला उन्हाळ्याच्या सुट्टीचा वास वाटतो.

डाब आमच्याच भागात आहे. याहामोगी माउलीचं मूळ ठिकाण म्हणून आमचे लोक त्याला मानतात. महाशिवरात्रीला गुजरातेत देवमोगऱ्याची मोठी यात्रा भरते, तीच ही देवी. धान्याची देवी. नवं पीक आधी तिला.

उत्तरेला डोंगर उतरत गेलं की नर्मदा. महाराष्ट्राच्या वाट्याला तिचा फक्त 54 किलोमीटरचा काठ आला आहे, तो सगळा आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत. मी लहान असताना पाहिलेली नर्मदा वाहती होती, तिचा आवाज वरपर्यंत यायचा. आज तिथे सरदार सरोवराचं पाणी आहे, उभं, शांत, फार सुंदर दिसणारं. महाराष्ट्रातली 33 गावं त्या पाण्याच्या कचाट्यात आली, मणिबेली त्यांत सगळ्यांत आधी. आपल्या वर्गातली काही मुलं नंतर तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत राहायला गेली, आज ती इथे आहेत. मागच्या वर्षी त्यांच्यातल्या एकाबरोबर मी त्या काठावर उभा होतो. तो पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, “तिथे आमचं आंब्याचं झाड.” मी बघत राहिलो. निळं पाणी होतं, दुसरं काही नव्हतं.

आता होळी. तिच्याबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं? काठीची राजवाडी होळी आता टीव्हीवर येते. 1246 सालापासून ती चालत आल्याचं सांगतात, काठी संस्थानाच्या राजाने सुरू केलेली. जंगलातून उंच बांबू आणायचा, त्याचा खड्डा कुठलंही अवजार न वापरता हाताने खणायचा, रात्रभर ढोल, आणि होळी पेटते ती पहाटे. नवस केलेले लोक आधीचे दिवस पाळणूक करतात. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. तुम्ही म्हणता, “काय दृश्य असतं रे!” असतंच. पण मला त्या दिवशीची दुसरी एक गोष्ट दिसते. दिवाळीनंतर आमची अर्धी घरं कुलूपबंद असतात, माणसं गुजरातेत ऊसतोडीला, मजुरीला. होळीला ती परत येतात. तो बांबू उभा राहतो तेव्हा त्याच्याभोवती वर्षातून एकदाच आख्खं गाव एका जागी असतं. मघाशी म्हटलं ना, आमच्या गावाला मध्य नाही. त्या एका रात्री असतो.

आणि एक गोष्ट सांगायची की नाही, असा विचार करत होतो. आजीच्या पत्त्यातला तो वाकडा मोह आता नाही. रस्ता रुंद झाला त्यात गेला. मी सुट्टीत गेलो, वळण घेतलं आणि स्वतःच्या घराची वाट चुकलो. थोडा वेळ नुसता उभा राहिलो. राग आला. पण राग काढायचा कुणावर? बाळंतपणात अडलेल्या माझ्या आत्याला चार जणांनी बांबूच्या झोळीतून खाली नेलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती वाटेतच गेली. त्याच रस्त्याने परवा भावाच्या सुनेला रुग्णवाहिका घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी नातू घरी आला. त्यामुळे झाड गेल्याचं दुःख मी कुणाकडे बोलत नाही. आज इथे बोललो.

पण नावं जातात त्याचं काय करायचं, ते मला कळत नाही. भाऊ अजून दहा-बारा नावं सांगतो. त्याच्या मुलांना तीन-चार येतात. ती मुलं आता ‘टॉवरजवळ’, ‘टाकीजवळ’ असं म्हणतात, आणि टॉवरजवळ म्हटलं की सगळ्यांना समजतंही. आपण शाळेत होतो तेव्हा जिल्हा धुळे होता, 1 जुलै 1998 ला नंदुरबार झाला, आणि आपण सगळ्यांनी पत्त्यातला जिल्हा बिनतक्रार बदलून टाकला. नाव बदलतं तेव्हा निदान जागेला दुसरं काहीतरी म्हणतात. आजीच्या कित्येक जागांना आता काहीच म्हणत नाहीत. गेल्या दोन दिवाळ्यांपासून मी भावाबरोबर डोंगर चालतो आणि एका दोनशेपानी वहीत नावं उतरवून घेतो. देवनागरीत आमचे काही उच्चार नीट बसत नाहीत, मग बाजूला खूण करून ठेवतो. आत्तापर्यंत 61 झाली. वही आणली आहे, सर. जेवणानंतर जरा बघून द्या, शुद्धलेखनासाठी नाही, तुम्हाला बघायला आवडेल म्हणून.

शेवटी, तुम्ही मघाशी सगळे म्हणालात की पुढचा मेळावा काठीला करू, होळीला. होळीला या, पण त्या गर्दीत मी तुम्हाला सापडणार नाही. त्यापेक्षा चैत्रात साध्या दिवशी या. पहिल्या एसटीने घाट चढा. मोलगीच्या बाजाराचा दिवस असेल तर भगर आणि आमचूर तिथेच घ्या, भावात घासाघीस जरा कमी करा. काठीला उतरलात की घरांना नंबर शोधू नका. रस्त्याच्या खालच्या अंगाला झिरा आहे, त्याच्यावरून वर या. काळा खडक अजून आहे. दोन आंब्यांपैकी एक आहे. तिथे उभं राहून माझ्या नावाने मोठ्याने आरोळी द्या. समोरच्या सोंडेवरून कुणीतरी ओ देईल. तो मी नसलो तरी घर कुठे ते सांगेल.