डोंगरउतारावर ऊन हवं



दुर्मीळ फुलपाखरू वाचवायचं म्हटलं की आपल्याला दोन उपाय चटकन सुचतात. जाळी घेऊन फिरणाऱ्याला पकडा आणि डोंगराला कुंपण घाला. पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्याबद्दल मी आज युरोपातल्या अपोलो फुलपाखराची साक्ष काढणार आहे.

अपोलो पांढरं असतं, मागच्या पंखांवर काळ्या कडांचे लाल ठिपके. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आल्प्स, पिरेनीज, कार्पेथियन ही त्याची घरं. वर्षाला पिढी एकच. उन्हाळ्यात घातलेल्या अंड्यात सुरवंट तयार होतो आणि अख्खा हिवाळा कवचातच काढतो. वसंतात बाहेर आला की त्याला सेडम लागतं, म्हणजे खडकांत वाढणारी जाड, रसदार पानांची वनस्पती. आणि लागतं ऊन. काळ्या अंगावर ऊन घेऊन तो तापतो, तेव्हा कुठे त्याचं खाणं सुरू होतं. हिवाळा मध्येच उबदार झाला, तर तो अवेळी बाहेर पडतो आणि पुढच्या गारठ्यात मरतो.

पोलंडमधल्या पिएनिनी पर्वतात चुनखडीचे कडे आहेत, राष्ट्रीय उद्यान आहे, कायद्याचं संरक्षण आहे. तरीही 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जेमतेम वीस-तीस अपोलो उरली होती. संग्राहकांनी पूर्वी नुकसान केलंच होतं. पण गुरंमेंढ्यांची चराई थांबली, उतारांवर झाडंझुडपं माजली आणि सेडमवर सावली आली. आपण ज्याला ‘हिरवंगार झालं’ म्हणतो, त्यानेच या फुलपाखराचं अन्न झाकून टाकलं.

मग तिथल्या लोकांनी कुऱ्हाड हाती घेतली. झुडपं तोडली, सेडम लावलं, फुलपाखरं पिंजऱ्यात वाढवून सोडली. संख्या शेकड्यांत गेली. पण पिंजऱ्यातल्या काही फुलपाखरांना धड पंखच फुटेनात. मोजक्याच जोड्यांपासून वंश वाढवला की असे धोके येतात. म्हणून शेवटच्या वीसांपर्यंत थांबणं महागात पडतं. शेजारच्या चेक देशात, श्ट्रामबेर्कला, 1986 साली स्लोव्हाकियातून आणलेलं अपोलो सोडलं गेलं. ते रुजलं कुठे, तर चुनखडीच्या खाणीच्या उघड्या कपारींत!

अपोलोचे भाऊबंद आपल्या हिमालयातही आहेत. 2008 साली तिथल्याच सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा करणाऱ्या दोन परदेशी अभ्यासकांना अटक झाली, ती योग्यच होती. आपला 1972चा वन्यजीव कायदा जाळीला अटकाव करू शकतो. झुडपांच्या सावलीला कलम लावता येत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. कुठल्याही डोंगरावर झाडं लावण्याआधी, चराई बंद करण्याआधी, तिथला सुरवंट काय खातो आणि त्या पानावर ऊन किती वेळ पडतं, हे आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत कुदळ खाली ठेवा.