तुरीचा बेवड

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



मराठी शेतकऱ्याच्या बोलीत 'बेवड' असा एक शब्द आहे. एक पीक निघून गेल्यावर त्याच्यामागे जमिनीची जी अवस्था उरते, तिला बेवड म्हणतात. तुरीचा किंवा हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीचा वाईट, हे नांदेड-परभणीकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नव्हते. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि या शहरातील कितीतरी मराठी घरांची मुळे त्या जिल्ह्यांत आहेत. तेव्हा या सभागृहातील अनेकांनी हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. द्विदल पिकांवर डॉक्टरेटचे जे प्रबंध लिहिले गेले, त्यांनी एका अर्थाने या एका शब्दाचाच हिशेब मांडला. तो हिशेब कुठवर जुळला आणि कुठे अर्धवट राहिला, हा आजचा विषय आहे.

द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1886 साली बर्लिन येथे जाहीर केले. विल्फार्थ या सहकाऱ्यासह केलेले त्याचे प्रयोग 1888 मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी हॉलंडमध्ये बायरिंकने गाठींतील जिवाणू वेगळा काढून दाखविला. बेवडाचे अर्धे कोडे तेथे सुटले.

उरलेल्या अर्ध्याचा पुष्कळसा शोध हैदराबादच्या वेशीवरच लागला. पाटणचेरू येथे 1972 साली 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. एकाच आवारात काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी तिला लाभल्या आहेत. मराठवाड्यातील शेतकरी ज्वारीत तुरीचे तास पिढ्यान् पिढ्या धरीत आला होता; त्या रीतीची येथे मोजदाद झाली. ज्वारी सुमारे साडेतीन महिन्यांत निघते. तोवर तूर सावकाश वाढत असते. ज्वारी निघाली की तिला जागा आणि ऊन मोकळे मिळते आणि जमिनीच्या खोल थरांतील ओलीवर ती हिवाळा काढते. ज्वारीचे उत्पन्न सलग ज्वारीच्या जवळपास राहते आणि तूर वर हाती येते. सलग तुरीनंतर मका घेतला तर त्याला हेक्टरी सुमारे 40 किलो नत्र घातल्याइतका लाभ होतो, असेही 1983 साली प्रसिद्ध झालेल्या पाटणचेरूच्या प्रयोगांत आढळले.

नत्राखेरीज आणखी एक गोष्ट होती. तांबड्या जमिनीतील स्फुरद लोहाशी बांधलेले असते आणि बहुतेक पिकांना ते सहजी सुटत नाही. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल स्रवतात. ते लोहाला धरते आणि स्फुरद मोकळे होते. हा निष्कर्ष 1990 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजोबांच्या 'चांगला' या एका विशेषणात इतके रसायनशास्त्र दडलेले होते!

येथपर्यंत हिशेब सुखाचा आहे. अडचण पुढे येते. तुरीच्या दाण्यात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. म्हणजे प्रत्येक क्विंटलमागे सव्वातीन ते साडेतीन किलो नत्र बाजारात जाते. तुरीचे भाग्य असे, की तिचा बराचसा पाला उभ्या पिकातूनच गळून जमिनीत मिसळतो. भुईमुगाचे तसे नाही. तो मुळासकट उपटला जातो, शेंगा तोडल्या जातात आणि वाळलेला वेल दावणीला जातो. गाठींनी हवेतून आणलेले नत्र अशा वेळी जमिनीला मिळतेच असे नाही. उलट तिच्याच साठ्यातून काही जाण्याचा संभव असतो. द्विदल पीक घेतले म्हणजे जमीन आपोआप सुधारली, हे पुस्तकी वाक्य छोट्या शेतकऱ्याच्या घरी म्हणूनच लंगडे पडते. त्याच्या घरी दोन बैल आणि एखादी म्हैस असते, आणि जमिनीच्या आधी त्यांची भूक असते.

मग ते नत्र हरवते का? जनावर खाल्लेल्या नत्राचा थोडाच भाग दुधात आणि अंगात ठेवते. बाकीचे शेणामुतातून बाहेर पडते. शेणाच्या गोवऱ्या होतात आणि मूत्र गोठ्याच्या मातीत मुरते. ही गळती कशी थांबवावी, याचे उत्तर मराठी माणसाच्या परिचयाच्या इंदूरमध्ये शोधले गेले होते. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली आणि 1931 साली ती ग्रंथरूपाने मांडली. तीत गोठ्यातील मूत्र मुरलेली माती काढून शेणात आणि काडीकचऱ्यात मिसळली जाई. तुराट्या-पऱ्हाट्यांसारखी टणक धाटे रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतली जात. यंत्राचा खर्च नको, रहदारीनेच काम करावे, ही युक्ती आजही हसू आणते आणि पटतेही.

शेतीच्या प्रबंधांत मात्र अनेक वर्षे दाण्याचेच वजन मोठे ठरले. 1986 साली प्रसारित झालेली 'प्रगती' ही लवकर येणारी, ठेंगणी तूर दुसऱ्या पिकाला रान मोकळे करून देई. पण उंच तुरीची तुराटी चुलीला, कुडाला, पाट्या विणायला लागे; ज्या घरात सरपण विकत आणावे लागते, तेथे तिचा भारा ही मिळकतच होती. तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. दाण्याचे प्रमाण वाढविणे म्हणजे काडी आणि पाला कमी करणे, ही देवघेव शेतकऱ्याला पेरणीआधीच कळते.

पुढे दृष्टी बदलू लागली. हैदराबादच्या कडबा बाजारात केलेल्या पाहणीत ज्वारीच्या कडब्याची पचनीयता 47 ते 52 टक्के आढळली, आणि एवढ्या फरकासाठी दूधवाले किलोमागे सुमारे पाव हिश्शाने जास्त भाव देत होते. व्यापाऱ्याला प्रयोगशाळा लागत नव्हती. तो धाट मोडून पाहत असे. अनंतपूरच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना 'आयसीजीव्ही 91114' हा भुईमूग शेंगांसाठी जितका आवडला, तितकाच त्याचा पाला जनावरांना मानवला. तो खाणाऱ्या दुभत्या जनावरांचे दूध वाढले. ज्या पिकाचा एक भाग माणूस खातो आणि दुसरा म्हैस खाते, त्याची परीक्षा दोघांच्या तोंडाने व्हायला हवी, एवढे तरी आता संशोधकांनी मान्य केले आहे.

दरम्यान शेतच बदलले. मराठवाड्यात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. तुरीचे तास आता बहुधा त्याच्यात असतात. सोयाबीनही द्विदलच, पण त्याचे बहुतेक नत्र दाण्याबरोबर निघून जाते आणि त्याचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. कडबा घटला, बैल विकले गेले, ट्रॅक्टर आला आणि शेणखताच्या गाड्या कमी झाल्या. अशा वावरातील तुरीचा बेवड कसा असतो, हे मोजण्यासाठी निदान दोन-तीन फेरपालट त्याच बांधावर उभे राहून पाहावे लागतात, गोठ्यात जाऊन वैरण तोलावी लागते आणि उकिरडाही मापावा लागतो. प्रबंध मात्र बहुधा तीन-चार वर्षांत सादर करायचा असतो.