स्वागत, कॅम्प नंबर तीनमध्ये

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर आणि लोकलच्या गर्दीतून इथवर पोचलेल्या विज्ञानकथाकारांनो,

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत. महापालिकेचं मुख्यालय इथे, मध्यवर्ती रुग्णालय इथे, चांदीबाई कॉलेजही इथेच. म्हणूनच संमेलन दुसऱ्या कॅम्पात न्यावं ही सूचना मी सभेतच नामंजूर केली.

विषय आहे काल्पनिक सूर्यमालेतल्या यानांच्या शर्यती. त्याकडे येतोच, आधी आमच्या बराकीबद्दल बोलू द्या. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराचा तळ पडला, दोन हजारांवर बराकी उठल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्यांत उतरली. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी संसार मांडले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि तळाचं उल्हासनगर झालं. शेजारच्या अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. त्यापुढे आम्ही कालची पोरं. पण पापड लाटून, लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकून या पोरांनी बाजारपेठ उभी केली. बराकींच्या जागी इमारती आल्या, तरी पत्त्यात बराक नंबर अजून लिहितात. बराकीचा पुतळा कुणी उभारत नाही, म्हणून प्रत्येक भाषणात मी तिचं नाव घेतो.

आता शर्यत. आर्थर क्लार्कने 1964 साली सूर्यप्रकाशाच्या दाबावर धावणाऱ्या शिडाच्या यानांची शर्यत कथेत रंगवली. 2010 साली जपानच्या ‘इकारोस’ने तसं शीड अंतराळात खरोखर उघडलं : 14 मीटर बाजूचं, 7.5 मायक्रॉन जाडीचं. चंद्रावर खासगी यान उतरवण्याची गूगलच्या पैशांवरची स्पर्धा मात्र 31 मार्च 2018 रोजी विजेत्याविनाच संपली. बंगळूरची ‘टीम इंडस’ शेवटच्या पाचांत होती. शर्यत अडते ती पैशावर, शिवणीवर, सुट्या भागांवर. हा तर आमचाच प्रांत! शिडाचा नमुना एकदा दाखवा, जीन्स शिवणारे आमचे कारागीर तसंच दुसरं शिवून देतील.

व्यवस्थेत उणिवा आहेत. पार्किंग जवळजवळ नाही. वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो वक्त्यापेक्षा मोठ्याने बोलतो. वारा फिरला की वालधुनी नदीचा वास येईल. त्याची माफी आमच्या सगळ्या गावाने मागायला हवी, तूर्त मी मागतो. निवास तीन ठिकाणी विभागला आहे. वाट चुकल्यास रिक्षावाल्याला ‘सतरा सेक्शन’ सांगा, पुढे आमचे कार्यकर्ते उभे आहेत.

खुर्च्या फर्निचर बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या, मंडप कापड दुकानदारांचा, पापड महिला मंडळाचे, ध्वनिक्षेपक गणेशोत्सवातल्या पोरांचा. दोन्ही दिवसांच्या दालपकवानाचा खर्च उचलणाऱ्यांनी नाव जाहीर न करण्याची अट घातली आहे. जयंत नारळीकरांनी 1974 साली नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवून मराठी विज्ञान परिषदेचं बक्षीस मिळवलं होतं. नाव लपवून बक्षीस घेणारे तुमच्याकडे; नाव लपवून पैसे देणारे आमच्याकडे आहेत. सर्वांचे आभार.

लेखकांना एकच विनंती. तुमच्या कथेत यान हाकणारा वीर जरूर असू द्या, पण आदल्या रात्री जागून त्या यानाची जोडणी करणाऱ्यालाही नाव द्या. पाहुणचार गोड मानून घ्यावा आणि उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.